पाणी बरं येतंय नव्हं?

तात्यांची स्कूटर फाटकाशी थांबली की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम होतात. बायको चहाचं आधण ठेवते आणि मला पाकीट कुठं ठेवलंय ते आठवेनासं होतं.

तात्या येतात ते वसुलीला. हे त्यांना माहीत असतं, मला माहीत असतं, आधणालाही माहीत असतं. पण बसल्यावर विषय निघतो तो पावसाचा. मग कृष्णेच्या पाण्याचा, मग आमच्या चिरंजीवांच्या नोकरीचा, मग मिरजेत तात्यांच्या साडूचा गुडघा कसा बदलला त्याचा. गुडघा बदलून होईस्तोवर चहा संपतो. तात्या उठतात, चपला घालतात, फाटकाबाहेर जातात, स्कूटरच्या किकवर पाय ठेवतात आणि तोंड रस्त्याकडं करून विचारतात,

"बाकी, पाणी बरं येतंय नव्हं?"

हा प्रश्न पाण्याबद्दलचा नाही. त्याचा अर्थ, मागचे तीन महिने राहिलेत. यावर मी "बरं येतंय की!" म्हणतो. त्याचाही पाण्याशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ, आज नको. तात्या मान हलवतात आणि किक मारतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, म्हणून या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. आमचा हा प्रवेश मात्र फाटकावर नऊ वर्षं चालला होता, तोही एका संवादाचा फरक न करता.

पाण्याचे फिल्टर बसवायचे, भाड्यानं द्यायचे आणि त्यांची देखभाल करायची, हा तात्यांचा धंदा. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध असल्यामुळं विश्रामबागेत गिऱ्हाइकाला तोटा नाही. इकडं विलिंग्डन, तिकडं वालचंद. निम्मी वस्ती शिकवणाऱ्यांची आणि उरलेली शिकवून निवृत्त झालेल्यांची. शिवाय हॉस्टेलं, मेस, क्लास, दवाखाने. बोअरचं पाणी जड, त्यामुळं तात्यांचा धंदा हलका नाही. मेंब्रेन उघडून हातात घेतलं की तात्या सर्जन वाटतात. त्याचे पैसे मागायची वेळ आली की शाळेची फी न आणलेला पोरगा.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. कुठं तो केबलवाला असेल, कुठं डबे देणाऱ्या वहिनी, कुठं घरी येऊन पेटी शिकवणारे मास्तर. हात कसबी, शब्द पक्का, आणि स्वतःच्या घामाचे पैसे मागताना गळ्यात असा आवंढा की जणू उसने मागायला आलाय. आपल्याकडं याला 'चांगला माणूस' म्हणतात आणि त्याचे पैसे सगळ्यांत शेवटी देतात.

तात्यांचा हिशेब एका डायरीत असे. विमा एजंटानं दिलेली, चालू वर्षाची कधीच नाही. त्यात गिऱ्हाइकांची नावं नसत, ओळखी असत: 'कोपऱ्यावरचे सर', 'कुत्रेवाल्या बाई', 'स्टेशनमागची मेस, जिना फार'. मी स्वतः 'चहा बरा' या नोंदीखाली होतो, हे मला पुढं कळलं.

गेल्या दिवाळीत हिंजवडीहून पुतणी आली आणि तिनं ही डायरी उघडली. पोरगी दिवसभर दुसऱ्यांची कामं आपोआप करून देण्याचा पगार घेते. तिनं पानापानावरची येणी मोबाइलवर जोडली आणि आकडा काकांपुढं धरला. तात्यांनी चष्मा वर करून बघितला.

"असतील की. येतील सवडीनं. कुठं पळून चाललेत?"

आमच्या शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं होती. हळद भरून तोंड लिंपलं की वर्षानुवर्षं किडायची नाही. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. तात्यांची येणी तशीच पेवात घातल्यासारखी सुरक्षित होती. कुणी उकरायचंच नाही, मग किडणार कशानं?

एका पानावर मात्र पुतणी अडली. ऑगस्ट २०१९. वर फक्त '५७ फूट' एवढं लिहिलेलं, खाली गावभागातली चाळीसेक घरं आणि सगळ्यांवरनं एक आडवी रेघ. आयर्विन पुलापाशी पाणी तितकं चढलं होतं. गावभागातले लोक जीव घेऊन विश्रामबागेत पाहुण्यांकडं आले, फिल्टर तिथंच पाण्यात राहिले. पुतणीनं विचारलं, "हे लिहून घेऊ?" तात्या म्हणाले, "ते मिटलंय." एवढंच.

मग सॉफ्टवेअर आलं. महिन्याच्या एक तारखेला बिलं आपली आपण तयार होणार, ज्याची त्याला मोबाइलवर जाणार, खाली पैसे भरायची लिंक, मुदत टळली की आठवण. पण यंत्राला माणूस पुरवायचा म्हणजे आधी त्याच्या भाषेत घालावा लागतो. पहिला खटका बिलाच्या नंबरावर उडाला. एका हॉस्टेलला पक्कं बिल लागतं, म्हणून तात्यांनी जीएसटी नंबर घेतलेला. त्यांना प्रत्येक बिलाचा नंबर 'श्री'नं सुरू व्हायला हवा होता, दोन्ही बाजूंना दोन दोन दंड घालून.

"काका, नंबर सोळा अक्षरांच्या आत बसला पाहिजे. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ. बाकी काही चालत नाही."

"दंडसुद्धा नाही?"

"घातले तर जीएसटीवाले वरनं आणखी एक लावतील."

दुसरा खटका मुदतीचा. यंत्रात यादी तयार होती: सात दिवस, पंधरा दिवस, तीस दिवस. तात्यांच्या मुदती वेगळ्या. सरांची पेन्शन जमा झाल्यावर. मेसची पोरं सुट्टीवरनं परतल्यावर. कुत्रेवाल्या बाईंचा मुलगा ऑस्ट्रेलियाहून आल्यावर. आणि सर्वांत पक्की म्हणजे उसाचं बिल आल्यावर. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावेत असा १९६६ पासूनचा आदेश आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यापुढं हे वाक्य म्हणून बघा, तो तुम्हाला बसायला पाट देईल आणि पुन्हा म्हणायला सांगेल. पुतणीनं सगळ्यांना पंधरा दिवस लावले. तात्यांना त्या रात्री झोप नव्हती म्हणे.

तिसरा, आणि मुख्य, आठवणीच्या मजकुराचा. यंत्राचा तयार मजकूर होता, 'आपली रक्कम थकीत आहे. कृपया त्वरित भरावी.' तात्यांनी तो वाचला आणि कानावर हात ठेवले. 'थकीत' हा शब्द त्यांच्या मते फक्त बँकेनं, तोही पेपरात, वापरायचा असतो. त्यांनी स्वतः बसून मजकूर लिहिला. त्यात सप्रेम नमस्कार होता, घरच्यांची तब्येत होती, पाऊसपाण्याची चौकशी होती, 'गैरसमज नसावा' दोनदा होतं आणि रक्कम कुठंच नव्हती. पुतणीनं कात्री लावली. शेवटी तडजोड झाली ती अशी: 'नमस्कार. ४५० रुपये बाकी आहेत. सवडीनं. तात्या.'

एक तारीख उजाडली. सकाळी नऊला शंभर फुटी रस्त्यापासून स्टेशनपर्यंत दीडशे-पावणेदोनशे मोबाइल एका वेळी वाजले. नऊ वाजून पाच मिनिटांनी माझा पुन्हा वाजला. तात्या होते.

"ते तुम्हाला आलंय ते मशीननं पाठवलंय बरं का. तुम्ही मनावर घेऊ नका."

"कुठल्या मशीननं? पाण्याच्या?"

"न्हाई ओ, बिलाच्या. त्याला काय कळतंय. तुमचं असू द्या निवांत."

आणि मी निवांत असू दिलं. त्या दिवशी दुपारपर्यंत तात्यांनी सगळ्यांना फोन करून यंत्राच्या वतीनं माफी मागितली. जे लिंक उघडून बसले होते त्यांनीही ती मिटली. पुतणीनं पुण्याहून आकडे बघितले: संदेश सगळ्यांना पोचले, सगळ्यांनी वाचले, पैसे अकरा जणांचे. त्या अकरांचे फोन एंगेज लागले होते.

मग तिनं रामबाण काढला. ऑटोपे. युपीआयवर ही सोय जुलै २०२० पासून आहे. गिऱ्हाइकानं एकदाच पिन टाकून संमती द्यायची. पुढं पंधरा हजारांपर्यंतची रक्कम ठरल्या तारखेला पिन न विचारता जाते. कापायच्या चोवीस तास आधी सूचना येते, आणि नको वाटलं तर गिऱ्हाईक आपल्या मोबाइलवरनं संमती रद्द करू शकतं. तात्यांना यातली शेवटची गोष्ट सर्वांत आवडली. "म्हणजे त्यांना नाही म्हणायला माझ्या तोंडाकडं बघायला नको," ते म्हणाले.

संमत्या गोळा करायला तात्या घरोघर हिंडले, म्हणजे पुन्हा पाऊस, कृष्णा आणि साडूचा गुडघा. कोपऱ्यावरच्या सरांची हकीकत मी तिथंच बसून पाहिली. सरांचे म्युच्युअल फंडाचे हप्ते आपोआप जातात, विम्याचा जातो, नातवाच्या कार्टूनचेही जातात. पण साडेचारशे रुपयांचं नाव निघताच सर सावरून बसले.

"तात्या, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण हे यंत्र. मी झोपेत असताना पैसे नेणार?"

"सकाळी सांगून ठेवू का त्याला?"

सरांनी दोन दिवस विचार केला, अटी वाचल्या, त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि पिन टाकला. मीही टाकला, कारण बायको समोर उभी होती. हळूहळू बरेच जण आले. विश्रामबागेत एखादी गोष्ट सरांनी केली की ती बाकीच्यांना करता येते.

पैसे वेळेवर येऊ लागले तसे तात्या बिथरले. पाच तारखेच्या आत महिना वसूल होतो, हे त्यांच्या मनाला पटेना. भडंगाच्या गाडीवरचं ते खोकं, 'वीस रुपये प्राप्त झाले' असं चारचौघांत ओरडतं, त्याच्याकडं ते बघत उभे राहायचे. "काय बेडर आहे बघा," एकदा मला म्हणाले. "त्याला काय, बायकापोरं न्हाईत."

एका गिऱ्हाइकाचे पैसे मात्र गेले नाहीत. कोण ते तात्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑटोपे एकदा प्रयत्न करतं, फसला तर वर आणखी तीनदा, मग गप्प बसतं. चारही वेळा एकच उत्तर: खात्यात पुरेशी शिल्लक नाही. "आपण दारात गेलो असतो तर ते 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हटले असते," तात्या म्हणाले. "माझं पोट भरलं असतं आणि त्यांची अब्रू राहिली असती. आता मला नको ते कळलं की ओ. साडेचारशे नाहीत त्यांच्याकडं."

ते बिल त्यांना काढून टाकायचं होतं. पण निघालेलं जीएसटीचं बिल रबरानं खोडता येत नाही, त्याला क्रेडिट नोट लागते, आणि यंत्रानं तिचं कारण विचारलं. यादी उघडली: सेवा समाधानकारक नाही. दरात फरक. बिलात चूक. तात्या दहा मिनिटं त्या यादीवर बोट फिरवत बसले. मग 'बिलात चूक' वर टेकवलं. आयुष्यात त्यांचं एक बिल चुकलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून त्या घरचं बिल निघत नाही; फिल्टर मात्र तीन महिन्यांनी धुतला जातो.

आमच्याकडं तात्यांचं येणं थांबलं. यायचं कारणच उरलं नव्हतं. चार-पाच महिने आधण वेळेवर उतरलं आणि पाकीट जागच्या जागी राहिलं. परवा संध्याकाळी फाटकाशी ओळखीची किक ऐकू आली. तात्या आत आले नाहीत. पाय किकवर, तोंड रस्त्याकडं.

"बाकी, पाणी बरं येतंय नव्हं?"

माझा हात सवयीनं खिसे चाचपू लागला. "तात्या, पैसे गेलेत की! पाच तारखेलाच. थांबा, मेसेज दाखवतो."

"मिळाले ओ पैसे," तात्या ओशाळून म्हणाले. "पाण्याचंच विचारतोय."

मी थांबलो. नऊ वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. पाणी बरं येत नव्हतं. दिवाळीच्याही आधीपासून ते मचूळ लागत होतं. पण बाकी तुंबलेली असताना तक्रार करायची म्हणजे पैसे न द्यायला निमित्त काढलं असं वाटणार, म्हणून मी गप्प होतो आणि बायकोलाही गप्प बसवलं होतं.

तात्या आत आले. वाटीत पाणी घेऊन मीटर बुडवला, चष्मा वर केला. ४८०. "आणि हे तुम्ही पिताय?" त्यांनी पोराला फोन लावला. पोरगा नवीन मेंब्रेन घेऊन आला आणि ओट्याखाली शिरला. तोवर पाऊस झाला, कृष्णा झाली. साडूचा दुसरा गुडघाही बदललाय, हे कळलं. चहा झाला. पोरानं हात पुसले, मोबाइलवर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि बाहेर पडला.

मी विचारलं, "मेंब्रेनचे किती झाले?"

"असू द्या की. बघू सवडीनं. तुम्ही कुठं पळून..."

माझ्या खिशातला मोबाइल वाजला. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं डाव्या पायात उजवी चप्पल घातली.

"ते... मशीननं..." म्हणत ते फाटकापर्यंत पोचलेसुद्धा.