श्रावणात कोंडलेली हवा

‘तुमची चकली अमेरिकेत जाऊ शकते’ असं सांगणाऱ्या एका निर्यात कार्यशाळेत मागे दिवसभर बसलो होतो. समोर बहुतेक बचत गटांच्या बायका. पडद्यावर दर: विमानाने किलोला इतके, बोटीने त्याहून कितीतरी कमी. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी हात वर केला, ‘सर, बोटीत गरम किती होतं?’ वक्ते म्हणाले, ‘ते सगळं शिपिंगवाले बघतात, ताई.’ आणि पुढची स्लाइड आली.

शिपिंगवाले ते बघत नाहीत. ते कंटेनर नेतात. साध्या कंटेनरच्या आत काय तापतंय, काय भिजतंय, हे पाहणं त्यांचं कामच नाही. दिवसभरातला सर्वांत शहाणा प्रश्न मावशींचा होता आणि तोच बाजूला सारला गेला. म्हणून हे सदर आज त्यांच्यासाठी.

मावशी, साधा कंटेनर म्हणजे बंद पोलादी पेटी. तिच्यात पंखा नाही, गारवा नाही. उन्हात उभी राहिली की छताखालची हवा 50-60 अंशांपर्यंत जाते. न्हावा शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला महिना-दीड महिना लागतो. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सुएझ सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवासात दहा-बारा दिवसांची भर पडली. तळलेल्या पदार्थाचं तेल उष्णतेत लवकर खवट होतं. फडताळात चार महिने राहणारा चिवडा त्या पेटीतही चार महिने राहील, असं धरून पाकिटावर तारीख छापणं चूक आहे. शिवाय दुकानदाराला निम्मी तरी मुदत शिल्लक असलेला माल हवा असतो. 120 दिवसांतले 50 पाण्यावर आणि 15-20 दोन्हीकडच्या बंदरांत गेले, तर तो माल घेणार कोण?

आता घामाचं बघू. कंटेनरला घाम येतो, हा शब्द मालवाहतूकवाल्यांचाच. फराळ दिवाळीत खायचा तर बोटीसाठी तो श्रावणात भरावा लागतो. पाऊस लागलेला, हवा ओलीचिंब, खोकी गोदामात दोन दिवस ठेवली तरी मऊ पडतात. त्या हवेसकट दारं बंद होतात आणि वर सील लागतं. जहाज अटलांटिकच्या थंड भागात गेलं, रात्री पत्रा गार झाला, की कोंडलेली वाफ छताला थेंब धरते आणि ते थेंब खोक्यांवर गळतात. दिवसा पुन्हा वाफ, रात्री पुन्हा थेंब. पाकीट हवाबंद असेल तर चकली वाचेल, पण खोकं भिजतं, पुठ्ठ्याची ताकद जाते, खालची रांग वरच्या ओझ्याने बसते, लेबलं सुटतात. मग पलीकडचा खरेदीदार अख्खा माल नाकारतो.

याला उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरमध्ये टांगायच्या. खोकी कोरड्या खोलीत भरायची. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरायचा. भरण्याआधी कंटेनरच्या आत उभं राहायचं, बाहेरच्याला दारं लावायला सांगायची आणि अंधारात कुठून उजेडाची तिरीप येते ते पाहायचं. तिरीप आली तर तो कंटेनर परत करायचा, कारण उजेड येतो तिथून पाणीही येतं. मग नाक लावून वास घ्यायचा. गटाचा माल थोडा असतो, तो इतरांच्या मालाबरोबर एकाच पेटीत जातो. शेजारी रबर असेल, चामडं असेल, तर पोह्यांना तोच वास लागतो. ‘आमच्याबरोबर काय भरणार?’ हे एजंटला विचारायलाच हवं.

लेबलाबद्दल त्या दिवशी शब्दही निघाला नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा पाकिटावर सांगावाच लागणारा ॲलर्जीकारक घटक आहे, आणि ‘तीळ’ किंवा ‘टिल’ लिहून भागत नाही, ‘सेसमी’ असंच लिहावं लागतं. आपल्या चकलीत तीळ, अनारशावर खसखस, लोणच्यात मोहरी. मोहरीची नोंद युरोपीय संघात आणि कॅनडात सक्तीची आहे. खसखस तर संयुक्त अरब अमिरातीत न्यायलाच बंदी. म्हणजे न्यू जर्सीला चालणारे अनारसे दुबईच्या बोटीत टाकले, तर ते तिथल्या बंदरात अडकतात. तिळावर भारतात काय प्रक्रिया झाली, हेही विचारलं जातं. 2020 साली भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, त्या तिळापासून केलेली उत्पादनं तिथल्या दुकानांतून परत मागवली गेली आणि पुढच्या खेपांची तपासणी कडक झाली. गटाने तीळ बाजारातून आणला, पावती ठेवली नाही, तर उत्तर कोण देणार?

आपलं खाणं समुद्राने जाऊच शकत नाही, असं कोणी म्हणेल तर त्याला हापूसच्या रसाचा डबा दाखवावा. ताजा हापूस अमेरिकेत 2007 पासून जातो, पण त्याला आधी विकिरण प्रक्रिया लागते आणि मग विमान. तोच आंबा रस होऊन डब्यात बसला की बोटीने निवांत जातो. रस मुळात आंबट, त्यात उष्णतेने जंतू मारलेले, वर झाकण घट्ट. निकोला आपेर या फ्रेंच माणसाने अन्न बंद करून तापवण्याची ही पद्धत 1810 साली पुस्तकात मांडली. हवा, ओल आणि उष्णता यांचा विचार ज्या मालाच्या बाबतीत आधी होतो, तो माल पोहोचतो. चकलीच्या बाबतीत तो विचार अजून झालेला नाही, आणि त्याचा दोष चकली करणाऱ्यांच्या माथी मारणं अन्याय आहे. त्यांना दर सांगितला, धोका सांगितला नाही.

माझं स्पष्ट मत आहे. दरांची स्लाइड दाखवणाऱ्या प्रत्येकाने घामाची आणि लेबलाची स्लाइड आधी दाखवावी. नाहीतर ती कार्यशाळा सरळ बंद करावी. गटाचं कर्ज असतं, कच्चा माल उधारीवर असतो, एक खेप परत आली तर चार घरांची दिवाळी जाते.

यंदा कुणा गटाचा माल बोटीने निघणार असेल तर एक करा. माल निघण्याच्या ठरलेल्या तारखेच्या दोन महिने आधी स्वतःच्या चकलीची दहा पाकिटं खोक्यात बांधा आणि घराच्या पत्र्याखाली, सर्वांत तापणाऱ्या जागी ठेवून द्या. पन्नासाव्या दिवशी फोडून खाऊन बघा. खवट लागली, तर ती बोटीत चढवू नका.