पणजोबा, एकूण एक

इंग्लंडमधल्या माणसाची मला मनापासून कीव येते. १९२१ च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांची मुदत संपताच, जानेवारी २०२२ मध्ये, तिथं सगळ्यांना पाहायला खुले झाले आणि कितीतरी सुखी कुटुंबांना आपले पणजोबा कोण होते ते कळून बसलं. नाव, वय, जन्मगाव, धंदा, मालक कोण, काम कुठं, सगळं. तेही बहुतेकदा पणजोबांच्याच अक्षरात. आपलं घराणं कुठल्याशा उमरावाच्या धाकट्या पातीचं, असं जो आयुष्यभर सांगत आला त्यानं 'वखारीत हमाल, सध्या काम नाही' हे वाचून करायचं काय? अमेरिकेला तर शंभर वर्षंही दम निघत नाही. ते बहात्तराव्या वर्षीच पेटारा उघडतात. त्यांचे १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये असेच उघड्यावर आले.

आपल्याकडे असला प्रसंग कुणावर येऊ नये याची व्यवस्था पहिल्यापासून आहे.

१८७२ ची शिरगणती सगळीकडे एका वेळी झाली नव्हती. ती उणीव १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री भरून निघाली. त्यानंतर १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी हा सोहळा होई. आधी गणकानं घरोघर फिरून काळ्या शाईनं तक्ता भरायचा, मग ठरलेल्या रात्री पुन्हा त्याच दारांवर जाऊन लाल शाईनं तो दुरुस्त करायचा. मधल्या दिवसांत मेलेला खोडायचा, जन्मलेला वाढवायचा, गावाला गेलेला काढायचा, आलेला पाहुणा घालायचा. हे काम बहुतेकांनी बिनपगारी केलं. एवढ्या मेहनतीनं माणूस न् माणूस कागदावर आला, कागदांवरून आकडे निघाले, आकड्यांचे जाडजूड अहवाल छापले गेले आणि मग नावांचे तक्ते नष्ट करण्यात आले.

इंग्रजांना हे धैर्य स्वतःच्या देशात झालं नाही. त्यांचे १९३१ चे तक्ते गेले खरे, पण डिसेंबर १९४२ मध्ये गोदामाला आग लागली म्हणून. अमेरिकेच्या १८९० च्या तक्त्यांनाही १९२१ सालच्या आगीची वाट पाहावी लागली. आपल्याकडे आग, पूर, वाळवी अशा बेभरवशाच्या गोष्टींवर कुणी विसंबून राहिलं नाही.

उरले ते अहवाल. त्यांत १९०१ सालच्या ठाणे शहरात सुमारे १६ हजार माणसं आहेत. तुमचे पणजोबा त्या वेळी ठाण्यात राहत असतील तर ते त्या १६ हजारांत नक्की आहेत. एक म्हणून आहेत. त्यांच्या शेजारी त्यांचा सावकार आहे, तोही एकच. इतकी समता पुढे राज्यघटनेलाही साधायला जड गेली.

स्वातंत्र्यानंतर वाटलं होतं की आपलं सरकार आलं, आता काही ढिलाई होईल. पण १९४८ च्या जनगणना कायद्यानं कलम १५ मध्ये पक्कं केलं की या नोंदी कुणालाही पाहता येणार नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. शंभर वर्षांनी, बहात्तर वर्षांनी असली पळवाट त्यात ठेवलेली नाही. तुम्ही १९५१ च्या गणनेत तुमच्या आजोबांच्या मांडीवर बसून गणकाला पाहिलं असेल, त्यानं काय लिहिलं ते मात्र पाहू शकत नाही.

या धोरणाची गोड फळं चाखायची तर ठाण्यातल्या वागळे इस्टेटला यावं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघालं, त्याची ही पहिली वसाहत. पाचपाखाडीच्या शिवारात रस्ते आखले आणि त्यांना नावं न देता नंबर दिले. वसाहतीचा जनगणनेशी असलेला आत्मिक संबंध तेव्हापासूनचा आहे. इथला कुणीच इथला नाही. कोण साताऱ्याचा, कोण चिपळूणचा, कोण जळगावचा, कोण थेट जौनपूरचा. त्यामुळे इथं पूर्वजांची जी श्रीमंती आढळते ती अन्यत्र दुर्मीळ. किसननगरच्या एकेका चाळीत पानिपतावरून जखमी होऊन परतलेले इतके मूळ पुरुष निघतात की त्या दिवशी मराठ्यांची हार झालीच कशी, हा प्रश्न पडावा. वतन भाऊबंदकीत गेलं, तलवार धाकट्या काकांनी विकली, सनद पुरात वाहून गेली. एकाही घरात मूळ पुरुष शेतमजूर नाही. तक्ते असते तर?

आमच्या सोसायटीत एक निवृत्त फोरमन आहेत. कंपनी बंद पडल्यावर त्यांनी वंशावळ करायला घेतली. आधी ते कंपनीचं मस्टर शोधायला निघाले, तर ते कंपनीबरोबरच रद्दीत गेलेलं. मग त्यांनी शाळांचे दाखले जमवले आणि त्यांच्या लक्षात आलं की घरातले सगळे पुरुष १ जूनला जन्मले आहेत. आजोबा, वडील, दोन्ही काका, ते स्वतः. पुढे इस्टेटमधले जुने सहकारी भेटले तेव्हा कळलं की तेही १ जूनचेच. शाळा जूनमध्ये सुरू होई, पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचवून मास्तर वय ठरवत आणि सरळ १ जून लिहून टाकत. आयुष्याला याहून नीटनेटका प्रारंभ कुणाला मिळाला आहे? जनगणनेच्या जुन्या अहवालांतही वयं अशीच शिस्तीत उभी असतात. तीस वर्षांचे पुष्कळ, चाळिसाचेही पुष्कळ, एकतीस आणि एकेचाळीस वर्षांचे बिचारे थोडे. इंग्रज अधिकारी यावर पानंच्या पानं हळहळले आहेत. गोल आकड्यात जगण्यातलं सुख त्यांना कधी कळलंच नाही.

बायकांच्या बाबतीत तर आपण कमालच केली. घरच्यांनी बाईचं नाव सांगायला हरकत घेतली तर नुसतं 'स्त्री' लिहावं, अशी सूचना सुरुवातीच्या गणकांना होती. ही सोय आपल्या रीतीशी जुळणारीच. नवरा तिचं नाव घेणार नाही, ती त्याचं घेणार नाही. उखाणा घ्यायला गणकाकडे वेळ नाही. त्यातून लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं म्हणजे माहेरची मुलगी आणि सासरची सून या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या, ज्यांची एकमेकींशी ओळखही नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, हे आपण अभिमानानं सांगतो. आपण आपल्या बायकांची नावं सांगितली होती. फक्त कुलवृत्तांतात लिहिली नव्हती. जुने कुलवृत्तांत उघडा. पुरुषापासून पुरुष, त्यापासून तीन पुरुष, असा वेल कोकणच्या किनाऱ्यापासून आजवर बाईच्या मदतीशिवाय वाढत आला आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या पूर्वजांना जमली नाही. त्यांना पुढचं दिसत नव्हतं. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त रिस्ले साहेबांनी जातींची सामाजिक पायरी लावायची टूम काढली आणि देशभर ज्ञातिसभांचे अर्ज सुरू झाले: आम्हांला अमुक म्हणू नका, क्षत्रिय लिहा. १९११ च्या गणनेवेळी एकट्या बंगालात अशा अर्जांचं वजन दीड मण भरलं. आपल्याकडेही कुणबी आणि मराठा यांच्यातली रेघ गणनेगणिक सरकत राहिली. आज आरक्षणासाठी त्यांचेच पणतू 'कुणबी' एवढी अक्षरं जुळवलेली कुठं सापडतात का म्हणून कोतवाल बुकं, हक्कनोंदी, शाळांची जनरल रजिस्टरं धुंडाळताहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्या. मोडी वाचणाऱ्या माणसाला, ज्याला कालपर्यंत घरातही कुणी विचारत नव्हतं, तहसील कचेरीत खुर्ची मिळाली. कोतवाल बुकात त्याला काय सापडतं? बापाचं नाव, जात आणि 'मुलगा झाला'. मुलाचं नाव पुष्कळदा नाहीच. तो मुलगा तुमचेच आजोबा, हे सिद्ध करणं तुमच्या हुशारीवर सोडलेलं असतं.

आणि २ सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, तेव्हा मला भरून आलं. त्या गॅझेटात आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. ज्यांनी नावं टाकून आकडे राखले त्यांचा दूरदर्शीपणा अखेर ठरला खरा: आता आकड्यांतून माणूस परत काढायचा आहे. इतर देशांत माणसं मोजून आकडा मिळवतात.

जातीचा दाखला मागणाऱ्याचं काम तसं सोपं आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा, जात लिहिलेला, रक्तातल्या नातेवाइकाचा एक कागद आणायचा. वागळे इस्टेटचा पहिला कामगार ज्या वर्षी वळकटी घेऊन ठाणे स्टेशनवर उतरला त्याच्या पाचेक वर्षांत ही शेवटची तारीख येते. त्याच्याजवळ तेव्हा ट्रंक होती, तीत कागद नव्हता. तो कागद ज्या सरकारनं एकदा स्वतः दारावर येऊन लिहून नेला होता, तेच सरकार आता विचारतं, तुमच्याकडे आहे का? यातला विनय वाखाणण्यासारखा आहे.

धोका फक्त एकाच बाजूनं आहे, म्हणून सावध करतो. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात. यजमान कोणत्या गावचा, कोणाबरोबर आला, भाऊ किती, मुलं किती, हे पिढ्यानपिढ्या लिहिलेलं असतं आणि नष्ट करायचा नियम त्यांना कुणी लावलेला नाही. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं तर १९७७ पासून हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म करायला घेतली. आमचे फोरमन कुणाचं न ऐकता त्र्यंबकेश्वरला गेले. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पोथीसारखी लांबट वही बाहेर आली. पणजोबा सापडले. घोडा नाही, वतन नाही. दुसऱ्याच्या बैलगाडीतून, दुसऱ्याच्या आईच्या अस्थी घेऊन आलेला गडी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. खाली त्यांच्या बायकोचंही नाव होतं, जे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोरमन परत आले आणि सोसायटीच्या गणपतीत पानिपताचा विषय निघाला तेव्हा प्रसाद वाटायला उठून गेले. त्यांचा इतिहासातला रस संपला, असं लोक म्हणतात. बिचाऱ्यांना नाव सापडलं. आकड्यावर भागलं असतं.

नातीच्या दाखल्यासाठी मात्र वंशावळ लागतेच. पासपोर्ट ऑफिसच्या बाजूला झेरॉक्सवाले आहेत, त्यांच्या कॉम्प्युटरवर नमुना तयार असतो: सगळ्यांत वर एक चौकट, खाली फांद्या, चौकटीत पुरुष. फोरमन नातीला घेऊन गेले तेव्हा मीही होतो.

"काका, वरच्या चौकटीत कोण?"

"पणजोबा. आणि शेजारी पणजी टाक, तिचं नाव आहे माझ्याकडे."

"बायकांना चौकट नाही काका या नमुन्यात. पणजोबांची जन्मतारीख?"

"माहीत नाही रे."

"१ जून टाकू?"

"तारीख नकोच. पणजीचं नाव पेनानं लिहिलं तर चालेल का?"

"खाडाखोड धरतील," तो म्हणाला आणि प्रिंट काढली. "वीस रुपये झाले."