वगळा, पाच सेकंदांनी

फोनचे पैसे आपण मोजले म्हणजे फोन आपला झाला, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे अजून तग धरून आहे. आमच्या सोसायटीतले एक काका याच पंथाचे. हयात बँकेत गेल्यामुळे पावती असली की मालकी सिद्ध, असा त्यांचा हिशेब. नव्या फोनची पावती त्यांनी जपून फाइलला लावली आणि त्याच संध्याकाळी, कुलूप उघडण्याआधीच, पडद्यावर ‘दोन मिनिटांत कर्ज’ उगवले. काका सेटिंगमध्ये शिरले. चार पायऱ्या उतरल्यावर तळघरात ‘परवानगी रद्द करा’ हे बटण सापडले, पण ते राखाडी. शेजारी दहापासून उलटी मोजणी सुरू. कर्ज दोन मिनिटांत घ्यावे, जाहिरात बंद करताना मात्र माणसाने घाई करू नये, ही कंपनीची कळकळ. शिवाय ती जाहिरात उतरली ती काकांच्याच रिचार्जमधल्या डेटावर.

पुढे नातवाने लॅपटॉपवर ॲडब्लॉकर बसवून दिला. काही दिवस सुखाचे गेले. मग 2023 मध्ये यूट्यूबने पाट्या लावायला सुरुवात केली : ॲडब्लॉकर काढा, नाहीतर तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद. पाठोपाठ क्रोमने एक्स्टेन्शनचे नियमच बदलले आणि यूब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकर बाद झाला. कारण सांगितले सुरक्षेचे. क्रोम आणि यूट्यूबची मालक गूगल, आणि गूगलच्या कमाईतला सुमारे तीन चतुर्थांश वाटा जाहिरातींचा, हा निव्वळ योगायोग समजावा.

बंडखोरांनी फायरफॉक्स गाठला. तिथे यूब्लॉक अजून चालतो. मात्र फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा प्रपंच मुख्यतः चालतो तो ब्राउझरमध्ये गूगलचा सर्च आधीपासून बसवण्याबद्दल गूगल जे देते त्यावर. ॲडब्लॉक प्लसची कथा तर आणखी रसाळ. 2011 पासून त्यांनी ‘सभ्य’ जाहिरातींना वाट मोकळी केली आणि बड्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेऊ लागले, देणाऱ्यांत गूगलही. फेरीवाल्यांना मज्जाव म्हणून वॉचमन ठेवावा आणि त्याने मोठ्या फेरीवाल्यांना मासिक पास काढून द्यावा, तशातली गत.

जाहिरात अडवणे म्हणजे चोरी, असे प्रकाशक म्हणतात. जर्मनीतले ॲक्सेल स्प्रिंगर हे बडे प्रकाशनगृह तर कोर्टाची पायरी चढले. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की ॲडब्लॉकर देणे ही अनुचित स्पर्धा नव्हे.

आता आमची गोची अशी, की आम्हीही जाहिरातीच्याच मिठाला जागतो. तुमच्या हातातल्या अंकाची किंमत कागद आणि शाईलाही पुरत नाही. या सदराचे मानधन गृहप्रकल्प आणि सराफांच्या कृपेने निघते. काही दिवशी पहिले पान गाठायला आधी पूर्ण पानभर साड्या ओलांडाव्या लागतात, हेही कबूल. पण साड्या न बघता पान उलटणाऱ्या वाचकाला आजवर कुठल्या संपादकाने चोर म्हटलेले नाही. पान पाच सेकंद बोटाला चिकटून राहत नाही. आणि वाचक अंक रद्दीत घालायला निघाला, तर रद्दीवाल्याच्या दारापर्यंत सराफ मागे येत नाही.

पैसे देऊन सुटका होते म्हणाल, तर तीही भाबडी आशा. प्राइम व्हिडिओचे वर्गणीदार वर्गणी भरतच होते. जून 2025 पासून त्यांना भारतात जाहिराती दिसू लागल्या. नको असतील तर वर्षाला 699 रुपये आणखी. म्हणजे आधी जाहिरात नसल्याबद्दल कोणी वेगळे पैसे घेत नव्हते, ती आता आणून ठेवली आणि हलवायची मजुरी लावली.

काकांना अखेर नातवाने धर्मसंकटात टाकले. म्हणाला, “आजोबा, लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के बनवणाऱ्याला मिळतात. तुम्ही रोज ज्यांचा तांबडा रस्सा बघता, त्या कोल्हापूरच्या ताईंचे पैसे बुडवताय.” काका हळहळले आणि त्यांनी यूट्यूबचे प्रीमियम घेतले. जाहिराती बंद झाल्या. आता रश्श्याला उकळी येताच ताई स्वतःच कॅमेऱ्याकडे वळून अमुक मसाल्याचे पाकीट दाखवतात, वर कोड टाकला की दहा टक्के सूट. त्याला वगळायचे बटण काकांनी शोधलेही नाही. परवा दोन पाकिटे मागवली.