सराफाच्या गादीवरील वाचन

रायपूरच्या सदर बाजारात, म्हणजे शहराच्या जुन्या सराफपेठेत, घरची मंडळी दागिने पसंत करीत असता मराठी कुटुंबातील पुरुषास जो सक्तीचा अवकाश लाभतो, त्याचा वाचनाच्या दृष्टीने शास्त्रशुद्ध विचार अद्याप झालेला नाही. वाचनीय पुस्तकांच्या याद्या विषयवार केल्या जातात. वस्तुतः त्या दागिनेवार केल्या पाहिजेत.

साध्या नथीला माधवराव सप्रे यांची 1901 मधील ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा पुरते, कारण ती काही मिनिटांत आटोपते. मराठी घरात जन्मलेल्या आणि 1926 मध्ये रायपुरातच निधन पावलेल्या याच सप्र्यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, त्यामुळे हा ग्रंथ काचेच्या कपाटात ठेवून न वाचण्याचा जो मान 1915 पासून मराठी घरांकडे होता, तो शेजारच्या हिंदीभाषक कुटुंबांनाही मिळाला. तो सदर बाजारात मात्र नेऊ नये. तो संपेपर्यंत नातीच्या बारशाचेही दागिने होऊन जातात.

पाटल्यांसाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उत्तम. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराला निमित्त झालेली भेट घडली ती राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत, आणि ते गाव येथून सुमारे 70 किलोमीटरवरच असल्याने रायपूरकर या आत्मचरित्राकडे घरच्याच भानगडीसारखे पाहतो. विक्षिप्त नवऱ्याची बायकोने सांगितलेली ही हकीकत वाचताना हसू आवरत नाही, हा तिचा एकमेव दोष. घडणावळीवर, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीवर, घासाघीस चालू असता नवऱ्याने खो-खो हसणे उभय पक्षांना खपत नाही. रायपूरच्याच विनोदकुमार शुक्ल यांच्या ‘नौकर की कमीज’ (1979) या कादंबरीत साहेबाच्या नोकराचा सदरा कारकुनाच्या अंगावर चढतो. दोन्ही हातांत पिशव्या दिलेल्या वाचकास यावर भाष्याची गरज पडत नाही.

साखळी काचेच्या पेटीतील काट्यावर चढण्यापूर्वी पंखा बंद होतो, तेव्हा पानही उलटू नये, कारण तो वारा मिलीग्रॅमात मोजला जातो. खूण म्हणून पुस्तकात सराफाची हिशेबाची कच्ची चिठ्ठी ठेवण्याचा प्रघात आहे. वर्षभराने ते उघडल्यास, पुस्तक कादंबरी असो वा आत्मचरित्र, त्यातील सर्वांत अद्भुतरम्य मजकूर म्हणजे त्या चिठ्ठीवरचा तोळ्याचा भाव ठरतो.