शंकासुर

कोकणातला संकासुर काळ्या वेशात येतो, शिमग्यापुरता नाचतो, पोरांना घाबरवतो आणि जातो. हिंजवडीतला शंकासुर चौकडीच्या शर्टात येतो आणि बाराही महिने घाबरवतो, तेही टीम लीडला. त्याचा हुद्दा भारदस्त असतो, 'क्वालिटी' हा शब्द त्यात हमखास. काम मात्र एकच. वेबसाइटचं पान पडद्यामागच्या एपीआयला सतत काहीबाही विचारत असतं: या ग्राहकाच्या ऑर्डरी दे, स्वस्त माल वर लाव, दुसरं पान दाखव. शंकासुर याच एपीआयला आडवेतिडवे प्रश्न विचारणारे प्रोग्रॅम लिहून ठेवतो. कोडमध्ये कोणी स्वल्पविराम जरी हलवला, तरी हे प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात आणि लाल किंवा हिरवा निकाल लावून मोकळे होतात.

एका पानावर किती नोंदी हव्यात? तुम्ही-आम्ही दहा सांगू. शंकासुर शून्य सांगतो. मग दहा लाख. मग अक्षरांत 'दहा'. मग उणे एक.

"अरे, उणे एक नोंदी कोण मागणार आहे?" डेव्हलपर कळवळतो.

"मी मागितल्या ना. तुझ्या एपीआयने सगळं टेबल ओतलं माझ्यापुढे."

एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसात उणे लिमिट म्हणजे मर्यादाच नाही, असा रीतसर नियम आहे. तो वाचलेला माणूस मजल्यावर एकच असतो, आणि त्याच्याशी जेवायला कोणी बसत नाही.

त्याच्या शंका ऐकताना वेडगळ वाटतात. दोन वस्तूंची किंमत सारखीच असेल तर आधी कोणती? किमतीनुसार लाव एवढंच सांगितलं, तर बरोबरीत सुटलेल्यांना कसं बसवायचं ते डेटाबेस स्वतःच्या मर्जीने ठरवतो, आणि ती मर्जी पुढच्या वेळी तीच राहील असं नाही. मग एखादी कढई पहिल्या पानाच्या तळाशी दिसते, दुसऱ्या पानाच्या डोक्यावर पुन्हा दिसते, आणि तिच्याच किमतीचा तवा कुठल्याच पानावर येत नाही. रात्री एक वाजता 'आजच्या ऑर्डरी' मागितल्या तर? सर्व्हर यूटीसीवर चालतो, आपल्या साडेपाच तास मागे. त्याचा 'आज' म्हणजे आपला काल. हे तपासायला शंकासुर रात्री जागत नाही. टेस्टमधलं घड्याळच तो पुढेमागे करतो. जागतो तो डेव्हलपर.

ग्राफक्यूएल हा त्याचा लाडका वैरी. फेसबुकने २०१२ मध्ये घरच्या वापरासाठी बनवलेली आणि २०१५ मध्ये जगाला खुली केलेली ही क्वेरीची भाषा. तिथे चूक झाली तरी पुष्कळदा वर २०० हाच आकडा येतो, म्हणजे 'सगळं ठीक'. खरा घोटाळा आत 'एरर्स'च्या यादीत असतो. 'होऊन जाईल हो साहेब' म्हणत हसतमुखाने फाइल तळाशी सरकवणाऱ्या कारकुनाचीच ही जात. नव्या पोराची टेस्ट २०० बघून खूश होते. शंकासुर आत हात घालतो. मग लेखकाची पुस्तकं, त्या पुस्तकांचे लेखक, त्या लेखकांची पुस्तकं, असं तो सर्व्हरला धाप लागेपर्यंत विचारत राहतो, कारण अशा खोलीला लगाम कोणी घातलाय का, हे त्याला बघायचं असतं. बहुधा घातलेला नसतो.

खोटा डेटा भरावा तर त्यानेच. बाकीचे 'टेस्ट टेस्ट', 'एबीसी' असली नावं टाकतात. हा 'गोऱ्हे' आडनावाचा ग्राहक दोनदा भरतो: एकदा 'ऱ' हे एकसंध अक्षर वापरून, एकदा 'र'खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोघं सख्खे जुळे. शोधायला जावं तर एकच सापडतो. अक्षरांचं सामान्यीकरण करून घेतलं की हे भांडण मिटतं. 'ॲ' आणि 'अॅ' यांचं तेवढ्यानेही मिटत नाही, ते युनिकोडच्या हिशेबी परकेच राहतात. शंकासुर हे सांगताना खुलतो. इतर वेळी तो खुललेला कोणी पाहिलेला नाही.

घरीही तोच जीव. दाराला नवं कुलूप लावलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, उघडतंय ना किल्लीने, झालं की." हा शेजाऱ्यांच्या किल्ल्या मागायला गेला. आपल्या किल्लीने आपलं दार उघडतं हा पुरावा त्याच्या लेखी अर्धाच. ओवास्प ही सुरक्षेची संस्था एपीआयच्या दहा धोक्यांची यादी काढते. २०१९ च्या आणि २०२३ च्या यादीत पहिला नंबर याच दुखण्याचा आहे, की पत्त्यातला ऑर्डर क्रमांक बदलला आणि दुसऱ्याची ऑर्डर उघडली. सोसायटीच्या सभेत गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली, तेव्हा तहकूब सभेलाही कोणी आलं नाही तर काय, असं यानेच विचारलं होतं. चेअरमन अजून बोलत नाहीत.

सर्वांत अवघड वेळ हिरव्या निकालाची. टीम टाळ्या वाजवते आणि शंकासुराचा चेहरा उतरतो. तो मुद्दाम कोड बिघडवतो, टेस्ट पुन्हा चालवतो, ती लाल झाली की मगच चहा घेतो. न बिथरणाऱ्या टेस्टवर त्याचा काडीचा विश्वास नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे. त्याचा खरा शत्रू डेव्हलपर नव्हे. एपीआयने जे उत्तर दिलं तेच 'अपेक्षित उत्तर' म्हणून चिकटवणारा आणि दुपारपर्यंत दोनशे टेस्ट लिहून मोकळा होणारा उत्साही पोरगा. त्या दोनशेही हिरव्या. चूकही त्यांत जशीच्या तशी जतन.

बहिणीच्या लग्नाला एकदा तो रजेवर गेला. शुक्रवारी संध्याकाळी सगळं हिरवं आलं, तेही क्षणात. टीम लीडने आनंदाने फोन केला. शंकासुर नुकताच नवरदेवाचा कान पिळून आला होता.

"किती टेस्ट चालल्या?"

"अरे, ओके आलंय."

"किती चालल्या ते वाच."

लीडने वाचलं. शून्य. कोणीतरी फाइलींची नावं सुटसुटीत केली होती, आणि नावाच्या सुरुवातीला 'टेस्ट' नसेल तर पायथॉनचं युनिटटेस्ट त्या फाइलींकडे ढुंकून बघत नाही. २०२३ मध्ये ३.१२ ही आवृत्ती येईपर्यंत ते एकही टेस्ट न चालवता 'ओके' म्हणून मोकळं व्हायचं, आणि आमच्या सर्व्हरवर आवृत्ती जुनी होती.

"शून्य चालल्या, शून्य नापास!" शंकासुर बँडच्या वरताण ओरडला. पाठीमागून कोणीतरी विचारलं, काय रे, नोकरीत बढती मिळाली का?