मा. वेलनेस समितीस, समोशांसह

प्रति,
मा. सदस्य, वेलनेस समिती,
तिसरा मजला, पँट्रीच्या शेजारी.

विषय: कर्मचाऱ्यांचे वजन, चारचौघांत.



सोमवारी सकाळी साडेनऊला कॅन्टीनच्या दारात वजनकाटा मांडून समितीने बारा आठवड्यांची वजन घटवण्याची स्पर्धा सुरू केली. त्याच दिवशी दुपारी चारला, उद्घाटनाप्रीत्यर्थ, प्रत्येकाच्या टेबलावर दोन समोसे, एक काजूकतली आणि वेफर्सची पुडी पोहोचवली. केकही होता. त्यावर साखरेचे डंबेल होते. तो कापताना संचालकांनी आरोग्यावर चार शब्द सांगितले आणि डंबेलची एक बाजू स्वतःच्या ताटलीत घेतली. एका दिवसात रोग आणि इलाज दोन्ही पुरवणाऱ्या या नियोजनाचे अभिनंदन करावे तेवढे थोडे.

समोशाबद्दल तक्रार नाही. चार वाजता गरम समोसा नाकारणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा नवीन लागलेला. पण समितीला एक जुनी गोष्ट आठवत असेल. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशी बातमी नागपूरच्या एम्सच्या नावाने देशभर फिरली, तेव्हा समितीनेच ती सगळ्या मजल्यांवर हसत हसत पाठवली होती. नंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला, की ठेलेवाल्यांच्या मालावर काहीही छापायचे नाही. सूचना एवढीच, की कार्यालयांच्या लॉबीत, कॅन्टीनमध्ये, मीटिंग रूममध्ये पदार्थांतल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावावेत. म्हणजे रोख कोपऱ्यावरच्या समोसेवाल्याकडे नव्हता, समितीकडे होता. समितीने फलक लावलाही. पँट्रीच्या भिंतीवर, छान लॅमिनेट करून. त्याच्या बरोबर खाली क्रीमच्या बिस्किटांचा ट्रे असतो आणि तो दिवसातून दोनदा भरला जातो.

फुकटचे खाणे ही साधी बाब नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी ५,२०० हून अधिक नोकरदारांच्या खाण्याच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास चौथा हिस्सा लोक आठवड्यातून एकदा तरी कामाच्या ठिकाणी मिळणारे खात होते, त्यातून आठवड्याला सरासरी १,३०० च्या आसपास कॅलरी पोटात जात होत्या, आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के कॅलरी फुकट मिळालेल्या होत्या. कुणाचा तरी वाढदिवस, कुणाचा तरी निरोप, कुणाचे तरी प्रमोशन. आपल्याकडे यात सत्यनारायणाचा शिरा, सासरहून आलेला चिवडा, बाळाच्या बारशाचे पेढे आणि दिवाळीत पुरवठादारांकडून येणारी खोकी मिळवावीत. 'एकच घ्या हो, घरचं आहे' असे म्हणणाऱ्याला नाही म्हणायची सोय मराठी माणसाला कुणी शिकवलेली नाही.

गूगलच्या न्यूयॉर्क कार्यालयाने यावर उपाय केला तो असा: एम अँड एमच्या चॉकलेट गोळ्या अपारदर्शक बरण्यांत ठेवल्या आणि अंजीर, पिस्ते काचेच्या बरण्यांत. सात आठवड्यांत २,००० माणसांनी या गोळ्यांतून ३१ लाख कॅलरी कमी खाल्ल्या. व्याख्यान नाही, स्पर्धा नाही, बोधवाक्य नाही. झाकण बदलले. आपल्या पँट्रीत काचेच्या बरणीत काय आहे ते समितीने उठून एकदा पाहावे. अंतर आठ पावले आहे.

हे झाले खाण्याचे. आता काट्याचे.

सोमवारी जिममधून आलेला एक उत्साही तरुण काट्याशेजारी उभा होता आणि प्रत्येकाचा आकडा टेबलावर बसलेल्या दुसऱ्याला ओरडून सांगत होता. कॅन्टीनमध्ये गर्दी, मिक्सरचा आवाज, त्यामुळे ओरडावेच लागत होते. रांग चहाच्या रांगेलगत. लेखा विभागातल्या एक ज्येष्ठ बाई काट्यावर चढण्याआधी चपला काढून बाजूला ठेवत होत्या, पर्स मैत्रिणीकडे देत होत्या, मनगटातले घड्याळसुद्धा काढत होत्या. बावीस वर्षे या कंपनीचे हिशेब एका पैशाची चूक न होऊ देता बघणाऱ्या बाई. त्यांचा आकडा त्या तरुणाने दोनदा ओरडला, कारण पहिल्यांदा टेबलावरच्याला ऐकू गेला नाही. मागून कुणीतरी 'लिफ्टची मर्यादा किती आहे रे?' असे म्हणाले आणि रांगेतले पाच-सहा जण हसले. बाईही हसल्या. तसे हसावेच लागते. न हसणाऱ्याला खिलाडूवृत्ती नाही असा शेरा मिळतो, आणि तो वार्षिक मूल्यांकनापर्यंत पुरतो.

एवढ्यावर थांबते तर पत्र लिहावे लागले नसते. दुपारी तक्ता लागला. नाव, विभाग, वय, वजन, बीएमआय. हिरवा, पिवळा, लाल. लिफ्टसमोरच्या सॉफ्टबोर्डवर, म्हणजे कुरियरवाला आणि इंटरव्ह्यूला आलेली मुलेही वाचतील अशा जागी. पगाराचा आकडा गोपनीय ठेवायचा म्हणून जी कंपनी पत्रावर सही घेते, तिने दीडशे माणसांच्या शरीराचा आकडा भिंतीवर लावला. कुणाची थायरॉइडची गोळी सुरू आहे, कुणाचे बाळंतपण आठ महिन्यांपूर्वी झाले, कुणाला दम्यासाठी स्टेरॉइड घ्यावे लागते, यातले काही समितीला माहीत नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. ज्याचे त्याला ठाऊक होते. ज्याचे त्याला सोमवारी दुपारी लिफ्टसमोर उभे राहून वाचायला लागले. याला वेलनेस म्हणत असाल तर म्हणा. साध्या मराठीत याला माणसाची अब्रू घेणे म्हणतात, आणि त्याचा निषेध करायला कोणत्याही आहारतज्ज्ञाचे मत लागत नाही.

शिवाय तक्ता चुकला आहे. रंग कुठल्याशा परदेशी ॲपमधून आले, त्यात पंचविसाच्या आतल्या बीएमआयचा प्रत्येक जण हिरवा. भारतीयांसाठी इथले डॉक्टर २३ पासून पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण त्याहून मोठी गोष्ट पुण्यातच घडलेली आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपल्याकडची खास तऱ्हा. समितीच्या तक्त्यात दोन्ही डॉक्टर हिरव्या रंगात शेजारी शेजारी बसले असते. हिरव्या यादीतले कितीतरी तरुण बारीक हातापायांचे आणि गोल पोटाचे आहेत. त्यांना सोमवारी टाळ्या मिळाल्या. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. तो मोजायला शिंप्याकडची टेप पुरते, आणि घरी एकट्याने मोजता येतो. हा त्या टेपचा सगळ्यात मोठा गुण.

अशा वेलनेस कार्यक्रमांनी वजन उतरते का, हेही तपासून झाले आहे. अमेरिकेतल्या बीजेज या घाऊक दुकानांच्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग झाला. काही दुकाने चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून तिथे वेलनेस कार्यक्रम राबवला, बाकीच्या ठिकाणी नाही. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दीड वर्षानंतर कार्यक्रम झालेल्या दुकानांतले जास्त लोक आपण व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असे सांगत होते. बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत मात्र सांगण्याजोगा फरक नव्हता. बोलण्यात सुधारणा झाली, काट्यावर नाही.

मग वजन वाढते कशाने? कोलकात्याजवळच्या एका ज्यूट गिरणीत आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१३ कामगारांचे खाणे आणि वजन तपासले होते, १९५६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. अंगमेहनत करणारे भरपूर खात आणि सडसडीत राहत. बसून काम करणारे कारकून आणि दुकानदार थोडीफार हालचाल करणाऱ्यांपेक्षा जास्त खात आणि वजनाने सगळ्यांत भारी. भूक कष्टाच्या मापाने लागते हे एका हद्दीपर्यंतच खरे. त्याखाली माणूस नुसता बसून राहिला की भुकेला धरबंध राहत नाही. आपल्या चौथ्या मजल्यावर कष्टाचे काम म्हणजे प्रिंटरपर्यंत जाणे, आणि मार्चमध्ये समितीच्याच सूचनेवरून प्रत्येक रांगेला वेगळा प्रिंटर मिळाला.

बसण्याचे तास कोण ठरवते? कॅन्टीन तीनला बंद होते. अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरचा कॉल साडेसहाला सुरू होतो आणि साडेआठच्या आत संपल्याचे कुणी पाहिलेले नाही. मधल्या वेळात मजल्यावर खायला मिळणारी एकमेव गोष्ट मशीनमध्ये, काचेमागे, वीस रुपयांच्या पुडीत असते. रात्री नऊनंतर थांबणाऱ्यांना कंपनी कृतज्ञतेने पिझ्झा मागवून देते; जादा तासांचा मोबदला चीजमध्ये देण्याची ही पद्धत कोणत्या कायद्यात बसते ते समितीने विचारून घ्यावे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने आणि आस्थापनांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १० करण्याला मंजुरी दिलीच आहे. म्हणजे खुर्चीला आणखी एक तास. तो तास कुणाच्या कमरेवर चढणार हे लिफ्टसमोरच्या तक्त्यात येत नाही.

समितीच्या आधीच्या, दहा हजार पावलांच्या स्पर्धेबद्दल एकच ओळ: हा आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकताना प्रचारात आणला, आणि आपल्या विजेत्याने तो मोबाइल हातात धरून हलवत, खुर्चीतच पूर्ण केला. जेवणाच्या टेबलावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दोन वेळचे जेवण श्रेष्ठ की ऋजुता दिवेकरांचे दर दोन तासांनी थोडे थोडे, हा वाद २०१८ पासून चालू आहे. तो कृपया समितीने सोडवू नये. दोन्ही पक्ष समोसा खाताना एकत्र येतात, तेवढा एकोपा राहू द्यावा.

आता एक गोष्ट समितीच्या बाजूने, कारण ती कुणी बोलत नाही. समिती म्हणून जे काही आहे ते प्रत्यक्षात मनुष्यबळ विभागातली दोन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी आहे. बाकीच्या चौघांची नावे मेलच्या खाली असतात. उद्घाटनाला काहीतरी खायला हवे, हे तिला दुपारी दोनला कळवले गेले. बजेट माणशी चाळीस रुपये, माणसे दीडशे, वेळ दोन तास. एवढ्या पैशांत, एवढ्या वेळात दीडशे जणांना गरम आणि मोजून देणारा माणूस या परिसरात समोसेवालाच आहे. कापलेल्या फळांची चौकशी तिने केली होती. डबा पंचाऐंशी रुपयांना पडत होता आणि मंजुरी देणारे मीटिंगमध्ये होते. तक्ता बाहेर लावायचाही निर्णय तिचा नव्हता. 'थोडी स्पर्धा निर्माण होऊ दे' असे वरून आले. आणि लोक बुजू नयेत म्हणून सोमवारी काट्यावर पहिल्यांदा ती स्वतः चढली. तक्त्यातली पहिली ओळ तिची आहे, लाल. सहा वाजता सगळे पांगल्यावर उरलेल्या समोशांचा हिशेब लिहीत, त्यातलाच एक थंड समोसा खात ती बसली होती, कारण दुपारी जेवायला तिला वेळ झाला नव्हता. तिच्यावर कुणाचाही राग नाही, आणि या पत्राची झळ तिला लागली तर तो दुसरा अन्याय होईल.

म्हणून मागण्या वरच्या मजल्याकडे जाव्यात. तक्ता आज काढावा आणि ती यादी कुणाच्याही संगणकात राहू नये. कॅन्टीन सातपर्यंत उघडे राहावे. पोहे, उसळ, उकडलेली अंडी एवढे असले तरी चालेल. साडेसहाचा कॉल आठवड्यातून दोन दिवस सकाळी घ्यावा, ग्राहकाने कधी नाही म्हटलेले नाही, त्याला कुणी विचारलेच नाही. आणि येत्या सोमवारी काटा पुन्हा आणायचाच असेल, तर तो संचालकांच्या केबिनबाहेर मांडावा, जिममधला तोच तरुण बोलवावा, आणि आकडा तितक्याच मोठ्याने वाचावा.

कळावे,
लाल यादीतले काही जण

ता.क. चहाच्या यंत्रावरचे बिनसाखरेचे बटण दाबले तरी साखरेचाच चहा येतो. देखभालवाला म्हणतो, पावडरच साखर घातलेली येते, बटण नुसते दाखवायला आहे.