हंसाच्या अंड्यावरचं नाव

आमच्या फ्रिजवर सध्या एक संतापलेला हंस राहतो. भाच्याने ॲमस्टरडॅमहून मॅग्नेट आणलं. मूळ चित्र तिथल्या राइक्सम्युझियममध्ये, चांगलं पावणेदोन मीटर रुंद. आमच्याकडे त्याच्याखाली दुधाचा हिशोब अडकवलेला असतो.

आपला हंस सरस्वतीच्या पायाशी बसतो, नाहीतर दमयंतीला नळाचं स्थळ सुचवतो. सोज्वळ, नीरक्षीरवाला. यान आसेलाइन या डच चित्रकाराने १६५०च्या सुमारास रंगवलेला हा हंस तसल्यातला नाही. पंख फाकवून, पाय रोवून, चोच उघडून तो असा फिस्कारतोय की पिसं सुटून उडताहेत. उजेडाने पंखांच्या कडा झिरझिरीत झाल्यात. मागे घरटं, त्यात अंडी. डाव्या कोपऱ्यात पोहत येणारा कुत्रा. बस्स, एवढंच.

पण पक्ष्याला नुसतं पक्षी राहू देतील तर ती माणसं कसली! पुढे कधीतरी कुणीतरी चित्रावरच अक्षरं काढली. एका अंड्यावर ‘हॉलंड’, कुत्र्यावर ‘राज्याचा शत्रू’ आणि हंसाखाली त्याचा हुद्दा, म्हणजे हॉलंडचा मुख्य कारभारी. हा कारभारी योहान द विट. डच भाषेत ‘विट’ म्हणजे पांढरा, त्यामुळे हंस अगदी फिट्ट बसला. १६७२ साली हेगमध्ये जमावाने त्याला ठार मारलं. गंमत अशी, की तो मुख्य कारभारी झाला १६५३ साली आणि आसेलाइन त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. बिचाऱ्याने हंस काढला होता हो, हंस!

पण त्या अक्षरांनीच हंसाचं नशीब उघडलं म्हणायचं. १८०० साली डचांनी राष्ट्रीय संग्रह सुरू केला, त्यातली पहिली खरेदी हेच चित्र. किंमत शंभर गिल्डर.

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. चष्मा सारखा करत ती म्हणाली, “मला तर हा तूच वाटतोस. दुपारी कुणी बेल वाजवली की अस्साच दिसतोस.” सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यात पार्किंगचा वाद दिसला.

कुत्र्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत, तो शत्रूच. काल दूध काढताना मी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. पाण्याबाहेर डोकं तेवढं. कुणीतरी काठी फेकली असेल, ती आणायला निघाला असेल.